पुरावा अपुरा

गेल्या वर्षी माझ्याकडे एका माहितीपत्रकाचं भाषांतर आलं. चारच पानं. काहीही होत नसलेल्या माणसाने कुठल्या तपासण्या करून घ्याव्यात, कुठल्या गोळ्यांच्या वाटेला जाऊ नये आणि हे सगळं ठरतं कसं, एवढाच मजकूर. दोन दिवसांत हातावेगळं करते, असं मी सांगून बसले. पहिल्याच वाक्यात ‘शिफारस’ लिहिलं आणि हात थांबला.

मराठीत शिफारस म्हटलं की वशिल्याचा वास येतो. कुणीतरी वजनदार माणूस, त्याचा फोन, ‘आपलाच मुलगा आहे, बघा जरा.’ मूळ मजकुरातल्या शिफारशीचा सगळा खटाटोप नेमका हेच टाळण्यासाठी होता. कितीही मोठा डॉक्टर असो, त्याच्या नुसत्या शब्दाला वजन द्यायचं नाही. वजन पुराव्याचं. आता ‘पुरावा’ हा शब्द कोर्टातला, पण तो इथे छान बसला. फक्त पिंजऱ्यात उभा आहे तो माणूस नाही, तर तपासणी. आणि कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, तसा इथे तिला मिळत नाही.

याचं कारण मला दुसऱ्या पानावर कळलं आणि ते कळल्यावर भाषांतर दोन दिवसांत होणार नाही हेही कळलं. डोकं दुखतंय म्हणून मी डॉक्टरकडे जाते, तेव्हा मी मदत मागायला गेलेली असते. ‘प्रयत्न करून बघू’ हे उत्तर मला चालतं. पण माझं काहीही दुखत नसताना कुणी मला थांबवून म्हणालं, ‘या, ही चाचणी करा, ही गोळी रोज घ्या,’ तर त्याने ‘बघू’ म्हणून चालणार नाही. त्याला माहीत असलं पाहिजे. डेव्हिड सॅकेट हे पुराव्यावर आधारलेल्या वैद्यकाच्या प्रणेत्यांपैकी एक. प्रतिबंधक वैद्यक उद्दाम झालं आहे, अशी टीका त्यांनी २००२ मध्ये केली होती, तीही याच मुद्द्यावर. निरोगी माणसाच्या दारात आपण होऊन जाता, तर भरवसा देण्याइतका पुरावा हातात हवा.

हा हिशोब पद्धतशीर मांडायला सुरुवात झाली कॅनडात, १९७६ मध्ये. सरकारने नेमलेल्या गटाला प्रश्न होता तो वार्षिक तपासणीचा. वर्षातून एकदा सगळं शरीर तपासून घ्यावं, याला आधार काय? १९७९ च्या अहवालात गटाने सांगितलं की ही सरसकट प्रथा सोडून द्या. वय आणि लिंग पाहून, ज्यांचा उपयोग दिसतो तेवढ्याच गोष्टी करा. १९८४ मध्ये अमेरिकेत याच धर्तीवर यू.एस. प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स आली. सोळा सदस्य, सगळे बिनपगारी. माझी चार पानं तिच्याच कामाबद्दल होती.

त्या पानांत एक आकृती होती. तिच्यावर माझा अख्खा एक दिवस गेला.

डावीकडे एक चौकट: लोक. रुग्ण नव्हे, लोक. तिथून बाण निघतो तो तपासणीकडे, तिथून लवकर सापडलेल्या आजाराकडे, तिथून उपचाराकडे. मग गोलसर कोपऱ्यांची एक चौकट येते. तिच्यात कोलेस्टेरॉल उतरलं, रक्तदाब आटोक्यात आला, असल्या गोष्टी. आणि अगदी उजवीकडे, काटकोनी कोपऱ्यांची चौकट: झटका टळला का, माणूस जास्त जगला का, जगला तो बरा जगला का. कोपऱ्यांतला हा फरक मला आधी छपाईची गडबड वाटली. पण तो मुद्दाम ठेवलेला असतो. गोलसर चौकटीतल्या गोष्टी यंत्राला दिसतात, माणसाला जाणवत नाहीत. काटकोनी चौकटीतल्या त्याला स्वतःला कळतात. गोलसर चौकटीपर्यंत पोचणं म्हणजे मुक्कामाला पोचणं नाही, हे नुसत्या कोपऱ्यांतून सांगितलेलं.

प्रत्येक बाणाला एक क्रमांक, प्रत्येक क्रमांकाचा एक प्रश्न. चाचणी आजार बरोबर ओळखते का? लवकर उपचार केल्याने उशिरा केल्यापेक्षा काही वेगळं होतं का? या सगळ्यांच्या डोक्यावरून एक लांब बाण थेट ‘लोकां’पासून उजव्या चौकटीकडे जातो. म्हणजे चाचणी झालेले आणि न झालेले असे दोन गट घेऊन वर्षानुवर्षं पाहिलं, तर फरक पडला का? असा सरळ पुरावा मिळाला तर सोनंच. बहुतेक वेळा मिळत नाही, मग खालच्या छोट्या बाणांवरून एकेक पाऊल टाकत जावं लागतं. आणि तपासणी, उपचार या दोन्हींपासून खाली वळणारे दोन वाकडे बाण अंडाकृतींत शिरतात. त्यांत असतात अपाय. कुठल्याही आकृतीत ते गाळलेले नसतात.

‘स्क्रीनिंग’ला कुणी ‘चाळणी’ म्हणतं, कुणी ‘छाननी’. मी चाळणी घेतली, कारण बांधकामावर वाळू चाळताना पाहिलेली होती. उभ्या चाळणीवर फावडं फावडं वाळू फेकतात. भोकं बारीक ठेवली तर कामाची वाळूही खड्यांबरोबर अडकते, मोठी ठेवली तर खडे निसटतात. चाचणीचं तेच. कल्पनेतला एक हिशोब घ्या. दहा हजार धडधाकट माणसं, त्यांतल्या पन्नास जणांना खरोखर आजार. चाचणी चांगली आहे, पन्नासांतल्या पंचेचाळिसांना पकडते. उरलेल्या ९,९५० निरोगी लोकांपैकी फक्त पाच टक्क्यांना चुकून ‘आजार आहे’ म्हणते. फक्त पाच टक्के! पण ते झाले जवळजवळ पाचशे. म्हणजे ‘काहीतरी दिसतंय’ असा कागद हातात घेऊन घरी गेलेल्या दर बारा माणसांत एकच खरा आजारी. बाकीच्या अकरांची झोप, पुढच्या तपासण्या, कधी सुई, कधी भूल, हे सगळं त्या अंडाकृतीत जातं.

प्रश्न ठरले की त्यांचा मसुदा लोकांच्या अभिप्रायासाठी चार आठवडे खुला ठेवतात. मग पुरावा गोळा करण्याचं काम मतदान करणाऱ्या सोळांकडे न ठेवता विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत असलेल्या केंद्रांकडे देतात. हजारो शोधनिबंधांचे सारांश, प्रत्येक सारांश दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचा, दोघांचं पटलं नाही तर चर्चा. मग उरलेल्यांचा दर्जा: चांगला, बरा, टाकाऊ. हे वाचताना मला जांभई आली, खोटं कशाला बोलू. पण त्याच आठवड्यात बाळांच्या झोपेबद्दल वाचलं आणि जांभई विरली.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढची कित्येक वर्षं पाश्चात्त्य देशांत बाळाला पालथं झोपवा असा सल्ला दिला जायचा. डॉक्टर द्यायचे, पुस्तकं द्यायची. कारणही पटण्यासारखं होतं: उताणं बाळ ओकलं तर श्वासात जाईल. काही बाळं झोपेतच दगावत होती, त्याचा या सल्ल्याशी संबंध असेल हे कुणाच्या मनात येत नव्हतं. १९९० च्या आसपास ‘उताणं झोपवा’ अशा मोहिमा सुरू झाल्या आणि असे मृत्यू झपाट्याने कमी झाले. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी मागे जाऊन जुने अभ्यास एकत्र मांडले. तेव्हा दिसलं की पालथं झोपवणं धोक्याचं आहे हे सांगणारा पुरावा १९७० पर्यंतच जमला होता. कुणी लपवला नव्हता, निरनिराळ्या जागी विखुरलेला होता आणि कुणी एका टेबलावर मांडून पाहिला नव्हता. पाहिला असता तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांहून जास्त आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया मिळून किमान पन्नास हजार बाळं वाचली असती, असा त्यांचा अंदाज. दोघांनी स्वतंत्रपणे सारांश वाचण्याला मी नंतर हसले नाही.

पटण्यासारखं कारण ही एकूणच फार फसवी गोष्ट. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसायचा, त्यांच्या रक्तात बीटा कॅरोटिन जास्त असायचं. मग ते गोळीतून द्यावं, यात चुकीचं काय? फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या एकोणतीस हजार पुरुषांवर हे करून पाहिलं. कुणाला खरी गोळी आणि कुणाला दिखाऊ, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे गोळी घेणारे मुळातच जास्त काळजी घेणारे निघाले अशी पळवाट उरू नये. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग अठरा टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत असाच एक अभ्यास चालू होता, तो १९९६ मध्ये ठरल्या मुदतीआधी थांबवावा लागला.

पण मला आतून हलवलं ते जपानच्या गोष्टीने. न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांमधला एक कर्करोग. त्या गाठीतून काही द्रव्यं लघवीत उतरतात, ती साध्या चाचणीत सापडतात. १९८० च्या दशकात जपानने सहा महिन्यांच्या बाळांची देशभर तपासणी सुरू केली. थोडीशी लघवी, सुई नाही, रडणं नाही. गाठी सापडू लागल्या, त्यांच्यावर उपचार झाले आणि ती मुलं जवळजवळ सगळी जगली. याहून चांगली बातमी कुठली? मी त्या काळात आई असते तर रांगेत पहिली असते.

मग कॅनडाच्या क्वेबेकमध्ये आणि जर्मनीत तपासणी झालेल्या मुलांची तपासणी न झालेल्या मुलांशी तुलना झाली. दोन्ही अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्यांत गाठी भरपूर जास्त सापडल्या होत्या. या कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र कमी झाले नव्हते. लहान वयात सापडणाऱ्या यातल्या बऱ्याच गाठी आपोआप विरून जातात. कुणी बघितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. जी जात मारते ती बहुतेकदा नंतर उगवते आणि त्या वयातल्या चाळणीतून निसटते. म्हणजे उपचारांनंतर जगलेली मुलं जगली हे खरं, पण त्यांतली कितीतरी तशीही जगणारच होती. फरक एवढाच की त्यांच्या पोटावर टाका होता. २००३ मध्ये जपानने हा कार्यक्रम थांबवायचं ठरवलं. मला त्या निर्णयाच्या बैठकीपेक्षा ते घर जास्त दिसत राहतं, जिथे एक आई ठामपणे सांगत असेल, ‘वेळेत तपासलं म्हणून माझं लेकरू वाचलं.’ तिला खोटं कोण पाडणार? आणि कुठल्या तोंडाने? एकेका मुलाबाबत ते खरं की नाही हे कधीच कळत नाही, दोन गट शेजारी ठेवले तरच कळतं.

असा सगळा पुरावा पुढ्यात आला की टास्क फोर्स दोन गोष्टी ठरवते. फायद्यातून अपाय वजा केल्यावर उरतं ते किती, आणि त्याची खात्री किती. याचं एक कोष्टक आहे. खात्री भक्कम आणि उरलेला फायदा मोठा, तर ‘ए’. त्याखालोखाल ‘बी’. फायदा बारीकसा असेल तर ‘सी’, म्हणजे सरसकट नको, माणूस पाहून, त्याच्याशी बोलून ठरवा. फायदा नाही किंवा अपायच जास्त, तर ‘डी’. या मापात पैसा धरत नाहीत. इतर काही देशांत खर्चही तोलतात, इथे नाही. हे मला आधी भोळेपणाचं वाटलं, मग बरं वाटलं. ‘परवडत नाही’ आणि ‘उपयोग नाही’ ही दोन वाक्यं एकाच तोंडातून आली की त्यांतलं कुठलं खरं हे कळत नाही.

कोष्टकाची तिसरी ओळ मात्र वेगळी आहे. खात्री कमी असेल, तर फायदा मोठा दिसो की बारीक, प्रत्येक खणात एकच अक्षर: ‘आय’. पुरावा अपुरा. या अक्षराने मला छळलं. ‘शिफारस नाही’ लिहावं तर वाचणारा समजणार, करू नका. ‘निर्णय प्रलंबित’ लिहावं तर वाटणार की पुढच्या महिन्यात येईल. शेवटी सरळ लिहिलं: ‘पुरावा अपुरा असल्याने फायदा जास्त की अपाय जास्त, हे सांगता येत नाही.’ माहितीपत्रक मागवणाऱ्यांचा फोन आला. एवढं लांबलचक कशाला, आणि ‘सांगता येत नाही’ वाचून लोक काय म्हणतील? मी म्हटलं, मूळ पानावर तेच आहे. जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग, ‘ठेवा.’

जाणकारांनी ‘माहीत नाही’ म्हणणं लोकांना चालत नाही, हे काही त्यांचंच चुकलं असं नाही. ‘नको’ तर त्याहून चालत नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये टास्क फोर्सने चाळीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांच्या मॅमोग्राफीला ‘सी’ दिलं. सरसकट करू नका, बोलून ठरवा, एवढंच. त्यावर अमेरिकेत गदारोळ उठला. २०१० मध्ये तिथे आरोग्य विम्याचा नवा कायदा झाला आणि ‘ए’ किंवा ‘बी’ मिळालेल्या सेवा विमा कंपन्यांनी विनाशुल्क द्याव्यात असं ठरलं. म्हणजे एका अक्षराला आता थेट पैशाची किंमत आली. आणि त्याच कायद्यात लिहिलं गेलं की स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीपुरती नोव्हेंबर २००९ च्या सुमाराची शिफारस धरू नये, तिच्या आधीची धरावी. पुरावा काय म्हणतो हे संसदेने खोडलं नाही, फक्त त्या एका पानावर बोट ठेवून ते सोडून द्या म्हटलं. पुढे नवी माहिती जमली आणि २०२४ मध्ये त्याच टास्क फोर्सने चाळिशीपासून दर दोन वर्षांनी मॅमोग्राफीला ‘बी’ दिलं. संसदेच्या मनासारखं झालं म्हणायचं का? मला नाही तसं वाटत. उत्तर एकच आलं तरी ते गणित सोडवून काढलेलं असलं तर त्याला मार्क वेगळे.

हे सगळं मी बाबांना सांगत होते, कारण त्यांचं आणि टास्क फोर्सचं जुनं भांडण आहे. त्यांना नाव माहीत नव्हतं इतकंच. बाबांना हृदयाचा काही त्रास नव्हता. तरी साठी उलटल्यावर त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना ‘रक्त पातळ ठेवायची गोळी’ सुरू केली. अ‍ॅस्पिरिन, लहान डोस. तेरा वर्षं बाबांनी एक दिवस चुकवला नाही. गोळ्यांच्या डबीला सात खण, प्रत्येक खणावर वाराचं अक्षर, आणि प्रत्येकात ती बारकी पांढरी गोळी एका कडेला. पंचाहत्तरी ओलांडली तेव्हा डॉक्टरांनीच ती बंद केली. बाबा दुखावले. ‘मग इतकी वर्षं काय खोटं सांगत होता?’

खोटं नव्हतं. २००९ मध्ये पंचेचाळीस ते एकोणऐंशी वयाच्या पुरुषांसाठी, झटका टळण्याचा फायदा रक्तस्रावाच्या धोक्यापेक्षा जास्त असेल तिथे, या गोळीला चक्क ‘ए’ होतं. २०१६ मध्ये ते आवळून पन्नाशीतल्या, धोका जास्त असलेल्या लोकांपुरतं ‘बी’ झालं. २०१८ मध्ये तीन मोठ्या अभ्यासांचे निकाल आले. त्यांतला एक ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या एकोणीस हजार वयस्कर, निरोगी लोकांवरचा होता. त्यात हृदयविकारात लक्षणीय घट दिसली नाही, मोठे रक्तस्राव वाढले. २०२२ मध्ये साठीच्या पुढे ही गोळी नव्याने सुरू करण्याला ‘डी’. तेरा वर्षांत ‘ए’पासून ‘डी’पर्यंत. (ज्यांना झटका येऊन गेलाय किंवा स्टेंट आहे त्यांचा हिशोब अगदी वेगळा. हे वाचून कुणी आपली गोळी आपणच बंद करू नये.)

‘गोळी तीच ना?’ बाबा म्हणाले.

‘गोळी तीच. माणसं बदलली. धूम्रपान कमी झालं, रक्तदाबाची औषधं, कोलेस्टेरॉलची औषधं आली. झटकेच कमी झाले, तर गोळी टाळणार काय? रक्तस्राव मात्र होता तिथेच.’

बाबांनी डबी उघडून सोमवारचा खण बघितला. ‘मला काही झालं नाही, ते गोळीमुळे की गोळी असून?’

‘सांगता येत नाही.’

‘तुझं ते अक्षर,’ बाबा म्हणाले.

परवा त्यांच्या फोनवर तपासणीच्या पॅकेजची जाहिरात आली. नव्वदच्या वर चाचण्या, घरी येऊन रक्त नेणार. बाबांनी ती यादी एका कागदावर उतरवून काढली, समास आखून, आणि माझ्यासमोर ठेवली. ‘अक्षरं घाल.’ मी म्हटलं, बहुतेकांना अक्षरच नाही, त्या धडधाकट माणसासाठी कुणी तपासूनच पाहिलेल्या नाहीत. काहींना आहेत. व्हिटॅमिन डी वर बोट ठेवून मी म्हटलं, ‘हे २०१४ पासून ‘आय’.’

‘म्हणजे करू नको असं नाही.’

‘नाही.’

‘कर असंही नाही.’

‘नाही.’

बाबांनी पेन घेतलं, समासात ‘आय’ लिहिलं, त्याच्याभोवती गोल केला. मग जरा थांबून त्या गोलाचे कोपरे काढून तो चौकोनी केला आणि म्हणाले, ‘पुढची कुठली?’